साबण, सूप आणि सिनेमा: हॉलिवूडचा जुना रेडिओ कसा ऐकावा

नभोनाट्य शिकणाऱ्या एका तरुण लेखिकेचा प्रश्न आला आहे. ती म्हणते, "अमेरिकन रेडिओवर १९३०-४० च्या काळात सिनेमाधंद्याशी जोडलेले जे कार्यक्रम व्हायचे, ते अभ्यासासाठी ऐकायला घेतले. फाइल्स शेकड्यांनी मिळतात. 'लक्स रेडिओ थिएटर'चे चार भाग ऐकले. सिनेमे पाहिलेलेच होते आणि मध्ये सारखा साबण. जाहिराती पुढे ढकलून ऐकू का? यातून शिकण्यासारखं नेमकं काय आहे, आणि सुरुवात कुठून करू?"

जाहिराती पुढे ढकलू नका. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी सत्तावीस वर्षं श्रुतिका बसवल्या. कादंबऱ्यांवरून, नाटकांवरून, दोन-चार सिनेमांवरूनही. हे अमेरिकन कार्यक्रम मी त्या कामाच्या जोडीनं ऐकत आलो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच जाहिराती गाळायचो. कान बसला तो पुढे, एका साध्या प्रश्नानं: या कार्यक्रमाचे पैसे कोणी दिले आणि ते कोणाच्या हाती गेले? त्याचं उत्तर कळलं की कार्यक्रम अमुक लांबीचा का, त्यात निवेदक इतका का बोलतो, मूळ सिनेमातला नट सोडून दुसराच का आला, शेवटी गप्पा का आहेत, हे सगळं उलगडत जातं.

'लक्स'पासूनच सुरू करू. हा कार्यक्रम ऑक्टोबर १९३४ मध्ये सुरू झाला तो न्यूयॉर्कहून, आणि तेव्हा त्यात सिनेमे नव्हतेच. ब्रॉडवेची नाटकं तासाभरात बसवून ऐकवायचे. हॉलिवूडहून का नाही? कारण कार्यक्रम देशभर जायचे ते टेलिफोन कंपनीच्या तारांवरून. जाळं न्यूयॉर्ककडून पश्चिमेकडे वाहायच्या बेतानं बांधलेलं, आणि पश्चिम किनाऱ्यावरून उलट दिशेनं कार्यक्रम पाठवायचा तर वेगळे, जबर पैसे पडायचे. १९३५-३६ च्या सुमारास ते दर उतरले आणि सगळं चित्र पालटलं. १ जून १९३६ ला 'लक्स' हॉलिवूडला आला. पहिल्याच रात्री मार्लीन डीट्रिच आणि क्लार्क गेबल. साबण बनवणाऱ्या लीव्हर ब्रदर्सला नट्यांचे चेहरे हवे होते, जाहिरात संस्थेला नट्यांचे होकार हवे होते, आणि स्टुडिओंना आपल्या सिनेमाचं नाव सोमवारी रात्री घराघरांत पोहोचायला हवं होतं. तिघांची गरज एका तासात बसली. मोठ्या ताऱ्याला एका प्रयोगाचे पाच हजार डॉलरपर्यंत मिळायचे.

आता हा प्रयोग डोळ्यांपुढे आणा. स्टुडिओतली बंद खोली नाही, हॉलिवूडमधलं भरलेलं नाट्यगृह. रंगमंचावर पूर्ण वाद्यवृंद, एका बाजूला ध्वनिपरिणामवाले त्यांच्या दारं-खिडक्या-पायऱ्या घेऊन, आणि मधोमध माइकसमोर हातात संहिता घेतलेले नट, ठेवणीतल्या कपड्यांत. सगळं थेट. चुकलं तर चुकलं. सिनेमातल्या माणसाला रिटेकची सवय असते. त्यातल्या कित्येकांनी त्याआधी एवढ्या प्रेक्षकांसमोर उभं राहून काम केलेलं नव्हतं. म्हणून पहिल्या अंकाची पहिली दोन-तीन मिनिटं फार लक्ष देऊन ऐका. मोठमोठ्या नावांचे श्वास तिथे आखूड असतात, वाक्यं किंचित घाईत पडतात. दुसऱ्या अंकात आवाज बसतो. पडद्यावर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही, कारण तिथे ते कापून टाकलेलं असतं.

निवेदक होता सेसिल बी. डमिल, हॉलिवूडचा नामांकित सिनेदिग्दर्शक. कार्यक्रमाचा निर्माता म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं, पण प्रत्यक्ष बसवण्याचं काम दुसरी माणसं करत. सुरुवातीची बरीच वर्षं फ्रँक वुड्रफ दिग्दर्शक होता. डमिलचं काम वेगळं होतं आणि मला ते कमी दर्जाचं वाटत नाही. जाहिराती वजा जाता तासातली पाऊण तासाच्या आसपास मिनिटं कथेला उरायची. शंभर मिनिटांचा सिनेमा त्यात घालायचा म्हणजे दृश्यांमागून दृश्यं उडणार. त्या खड्ड्यांवर पूल टाकायचा तो निवेदकानं. डमिलचा भारदस्त आवाज अंकाच्या तोंडाशी चार वाक्यांत सहा महिने उलटवतो, शहर बदलतो, लग्न लावतो. आपल्याकडे शिकवताना निवेदन म्हणजे कमकुवत संहितेची कुबडी असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ती चार वाक्यं लिहून काढा आणि त्यांच्याऐवजी संवाद लिहून पाहा. किती मिनिटं जातात ते मोजा.

डमिल या कार्यक्रमातून गेला ती गोष्ट पैशाचीच आहे, आणि रक्कम आहे एक डॉलर. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रस्ताव मतदानाला होता. नोकरीसाठी युनियनचं सभासद असणं सक्तीचं नसावं, असा त्याचा आशय. रेडिओ कलाकारांच्या संघटनेनं त्याच्या विरोधात प्रचार करायला प्रत्येक सभासदाकडून एक डॉलर वर्गणी मागितली. डमिल प्रस्तावाच्या बाजूचा. माझ्या मताविरुद्धच्या प्रचाराला मी पैसे देणार नाही, म्हणून तो अडला. संघटनाही अडली. २२ जानेवारी १९४५ नंतर त्याचा आवाज 'लक्स'वर आला नाही. त्याच वर्षी विल्यम कीली कायमचा निवेदक झाला. दोघांचा एकेक भाग पाठोपाठ ऐका. डमिल जणू दरबारात बसून बोलतो, कीली शेजारच्या खुर्चीत बसून. मजकुराचा साचा तोच आहे, फरक फक्त आवाजाच्या बैठकीचा.

आता त्या साबणाबद्दल. नाट्य संपल्यावर तारका पडद्यासमोर येऊन निवेदकाशी गप्पा मारते आणि बोलता बोलता त्वचेचा आणि साबणाचा विषय निघतो. तो शब्दन् शब्द लिहिलेला असतो. मी हे विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवतो, कारण लिहिलेलं वाक्य सहज सुचल्यासारखं म्हणणं हीच तर आपली विद्या. काही नट्या हे फार सुंदर करतात आणि काहींच्या तोंडी ते वाचल्यासारखं येतं. नाटकात जिनं तुम्हाला रडवलं, तीच साबणाच्या वाक्यावर अडखळते. अभिनय कुठे संपतो आणि वाचन कुठे सुरू होतं, ती रेघ इतकी स्पष्ट दुसरीकडे ऐकायला मिळत नाही.

दुसरा कार्यक्रम 'हॉलिवूड हॉटेल'. १९३४ ते १९३८, प्रायोजक कॅम्पबेल सूप. यात लुएला पार्सन्स होती, वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या वर्तमानपत्रांतली सिनेस्तंभलेखिका. तिच्या लेखणीला सगळा धंदा वचकून असे. ती येऊ घातलेल्या सिनेमातला प्रसंग त्यातल्याच नटांकडून ऐकवायची आणि नटांना मानधन नसायचं. मिळायची ती प्रसिद्धी आणि सूपच्या डब्यांची एक पेटी. नाही म्हणायची सोय फारशी नव्हती. पुढे नटांच्या संघटनांनी फुकट कामाविरुद्ध आवाज उठवला आणि हा प्रकार मोडीत निघाला. नाट्य म्हणून इथे शिकण्यासारखं फार नाही. पण एक गोष्ट जरूर ऐका: प्रसंग ऐन मोक्यावर तोडतात, उत्सुकता अर्धवट ठेवून. आजच्या ट्रेलरचं व्याकरण तिथे आवाजात तयार होत होतं. एम.जी.एम. स्टुडिओनं तर याच कल्पनेवर १९३७ पासून स्वतःचा कार्यक्रम चालवला, 'गुड न्यूज'. पैसे मॅक्सवेल हाउस कॉफीचे, आठवड्याला २५ हजार डॉलर. त्यातला २९ जून १९३९ चा भाग 'विझर्ड ऑफ ऑझ'ला वाहिलेला आहे. सिनेमा लागायला अजून वेळ होता, पण ऐकणाऱ्यांच्या कानात तो त्या रात्रीच सुरू झाला.

त्याच सूप कंपनीनं 'हॉलिवूड हॉटेल' बंद झाल्यावर शुक्रवारची ती वेळ कोणाला दिली? ऑर्सन वेल्स या तरुण नट-दिग्दर्शकाला. ३० ऑक्टोबर १९३८ ला मंगळावरच्या आक्रमणाचं नभोनाट्य करून तो रातोरात गाजला होता. ९ डिसेंबरला 'कॅम्पबेल प्लेहाउस' सुरू झालं ते 'रेबेका'नं, हिचकॉकचा सिनेमा यायच्या सुमारे सव्वा वर्ष आधी. हा भाग तुम्ही ऐकलाच पाहिजे. वेल्सनं निवेदकाला कथेबाहेर उभं केलं नाही. कथेतलंच पात्र कथा सांगतं, आणि सांगता सांगता प्रसंगात उतरतं. बर्नार्ड हरमनचं संगीत दृश्य बदलाचं काम करतं. हीच माणसं, हरमन, जोसेफ कॉटन, अ‍ॅग्नेस मूरहेड, पुढे वेल्सबरोबर 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) गेली. त्या सिनेमात एक वाक्य एका ठिकाणी सुरू होतं आणि वर्षांनंतर दुसऱ्या ठिकाणी पुरं होतं. लोक त्याचं कौतुक कॅमेऱ्याला देतात. मला त्यात रेडिओ ऐकू येतो. सिनेमानं रेडिओला कथा पुरवल्या हे खरं, पण रेडिओनंही आपलं कसब सिनेमाला दिलं, आणि ती देवाणघेवाण इथे कानानं पकडता येते.

तिसरा कार्यक्रम माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा: 'स्क्रीन गिल्ड थिएटर'. ८ जानेवारी १९३९ ला सुरू झाला, पहिला प्रायोजक गल्फ ऑइल. नट काम करायचे आणि त्यांचं मानधन जायचं मोशन पिक्चर रिलीफ फंडाला. सिनेमाधंद्यातल्या हलाखीत सापडलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या माणसांसाठीचा हा निधी. त्या पैशातून लॉस एंजेलिसच्या कडेला वुडलंड हिल्स इथे निवृत्त कलावंत-कामगारांसाठी घर उभं राहिलं, १९४२ मध्ये ते उघडलं. म्हणजे हम्फ्री बोगार्टसारख्या बड्या नटानं माइकसमोर म्हटलेल्या वाक्यांतून कुणा विस्मृतीत गेलेल्या नटाच्या डोक्यावर छप्पर आलं. कामासाठी मोठी नावं इथे सहज यायची, हा त्याचा दुसरा फायदा. अडचण एकच: कार्यक्रम फक्त अर्ध्या तासाचा.

आणि म्हणूनच तुमचा खरा अभ्यास इथे आहे. एकच सिनेमा 'लक्स'वर तासाभराचा आणि 'स्क्रीन गिल्ड'वर अर्ध्या तासाचा, अशा जोड्या मिळतात. 'कासाब्लांका' घ्या. 'स्क्रीन गिल्ड'वर २६ एप्रिल १९४३ ला, मूळचेच हम्फ्री बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन आणि पॉल हेन्रीड. 'लक्स'वर २४ जानेवारी १९४४ ला अ‍ॅलन लॅड आणि हेडी लमार. वही उघडा, दोन रकाने करा. पॅरिसचा भूतकाळ, कॅफेतली गर्दी, गाण्यांची चढाओढ, विमानतळ: कुठे काय राहिलं, काय गेलं, किती मिनिटांत. मग तिसरा रकाना: डोळ्यांनी जे कळत होतं ते तोंडी कसं आलं? कोणी खोलीत शिरलं हे कोणत्या वाक्यानं कळलं, की नुसत्या दारानं आणि पावलांनी? दुबळा रूपांतरकार पात्राकडून म्हणवून घेतो, "अरे, तू तर हातात पिस्तूल घेऊन आलास!" चांगला रूपांतरकार समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडतो आणि शांतता ठेवतो. दोन्ही नमुने तुम्हाला सापडतील.

दुसरी जोडी 'माल्टीज फाल्कन'. 'लक्स'वर फेब्रुवारी १९४३ मध्ये एडवर्ड जी. रॉबिन्सन, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात 'स्क्रीन गिल्ड'वर बोगार्ट, मेरी अ‍ॅस्टर, सिडनी ग्रीनस्ट्रीट, पीटर लॉरी. इथे नट बदलला की संहितेचं वजन कसं सरकतं ते ऐका. शिवाय ग्रीनस्ट्रीट आणि लॉरी यांचे आवाज इतके वेगळे आहेत की कोणी नाव न घेताही कोण बोलतंय ते कळतं. आवाजांची निवड करताना पहिली कसोटी हीच: डोळे मिटले असताना दोन पात्रं एकमेकांत मिसळता कामा नयेत. मी नट निवडताना पाठमोरा बसून ऐकायचो ते याचसाठी.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं. त्या काळातला पट्टीचा माइक, रिबन मायक्रोफोन, पुढून आणि मागून ऐकतो आणि दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे दोन नट समोरासमोर, माइक मध्ये ठेवून उभे राहू शकायचे, एकमेकांच्या डोळ्यांत बघून. आणि कोणाला लांब न्यायचं असेल तर नट दोन पावलं कुशीकडे सरकायचा. नुसता आवाज कमी केला तर माणूस लहान झाल्यासारखा वाटतो. सरकल्यावर मात्र तो दूर गेल्यासारखा वाटतो, कारण खोलीचा प्रतिसाद वाढतो. आज प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक मिळतो, आणि नट एकमेकांकडे बघतही नाहीत. तुमच्या पुढच्या तालमीत एकदा एकच माइक ठेवून पाहा.

धंद्यालाच विषय करणारे भाग मी मुद्दाम मागे ठेवले. 'अ स्टार इज बॉर्न' ही सिनेमात नाव काढायला आलेल्या मुलीची आणि उतरणीला लागलेल्या नटाची कथा. 'लक्स'वर ती १९३७ मध्ये मूळ सिनेमातल्या जॅनेट गेनरनं केली, आणि २८ डिसेंबर १९४२ ला ज्युडी गार्लंडनं, वॉल्टर पिजनबरोबर. पडद्यावर गार्लंडला ही भूमिका मिळाली १९५४ मध्ये. बारा वर्षांआधीचा तिचा आवाज ऐका. विशीतली मुलगी, गाण्याचा आधार नाही, फक्त बोलणं. तिच्यातली नटी त्या भागात आधीच पूर्ण होती, असं मी खात्रीनं म्हणेन.

दुसरा 'सनसेट बुलेव्हार्ड', 'लक्स'वर १७ सप्टेंबर १९५१ ला, मूळचेच ग्लोरिया स्वॉन्सन आणि विल्यम होल्डन. मूकपटांतली एक तारका, जिला बोलपटानं बाजूला टाकलं. तिची गोष्ट आता अशा माध्यमात आली जिथे चेहराच नाही. स्वॉन्सनला डोळे, हात, जिन्यावरचं उतरणं, सगळं सोडून फक्त कंठावर ते उभं करायचं होतं. मूळ सिनेमात डमिल स्वतःच्याच भूमिकेत आहे, आणि हा प्रयोग झाला त्याच कार्यक्रमात जो त्यानं सहा वर्षांपूर्वी एका डॉलरपायी सोडला होता. हे माहीत असलं की ऐकताना अंगावर काटा येतो.

'स्क्रीन डायरेक्टर्स प्लेहाउस' (१९४९ ते १९५१) पुढच्या टप्प्यावर ठेवा. त्यात सिनेमाचा दिग्दर्शक स्वतः येऊन चार शब्द बोलतो. पहिला भाग 'स्टेजकोच', जॉन वेन आणि क्लेअर ट्रेव्हर. टेलिव्हिजन दारात उभं असतानाचा हा रेडिओ. 'लक्स'ही १९५५ मध्ये थांबलं.

तुमचं मन अधूनमधून आपल्याकडे वळेल म्हणून सांगतो. साबण आणि तारका ही जोडी आपल्याकडेही आली. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. टूथपेस्टच्या नावावर रेडिओ सिलोननं १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' चालवली, आणि अमीन सायानींनी पुढे 'एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा'मध्ये सिनेकलावंतांना लटक्या कोर्टात उभं केलं. पण सिनेमा नव्यानं, माइकसाठी पुन्हा लिहून, मूळच्याच नटांकडून दर आठवड्याला करून घ्यायचा, ही प्रथा आपल्याकडे रुजली नाही. आपल्याकडे मूळ ध्वनिपट कापून ऐकवला जायचा. मी लहानपणी तो रेडिओला कान लावून ऐकला आहे आणि तो मला प्रिय आहे, पण ते रूपांतर नव्हे. त्यातल्या लांबलचक मुक्या जागांत पडद्यावर काय चाललं असेल ते आजी मला विचारायची आणि मी मनानं सांगायचो. त्या मुक्या जागा भरायचं काम म्हणजेच रूपांतर.

शेवटी फाइल्सबद्दल, कारण इथे वेळ वाया जातो. इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर बरंच साहित्य आहे, पण एकाच भागाच्या अनेक प्रती असतात. काही प्रती युद्धकाळात सैनिकांसाठी ऐकवलेल्या आहेत. सैन्याच्या रेडिओ सेवेनं त्यातल्या जाहिराती कापल्या होत्या. भाग अचानक आखूड वाटला, गप्पांतून साबण गायब असला, तर ती प्रत ठेवा, पण मूळही शोधा. काही प्रती चुकीच्या वेगानं उतरवलेल्या आहेत. बोगार्टचा आवाज बारीक वाटला तर दोष बोगार्टचा नाही. कार्यक्रम तबकड्यांवर उतरवले जायचे, सोळा इंची, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं, त्यामुळे मध्येच आवाजाचा पोत बदलला तर तो बहुधा तबकडीचा सांधा असतो.

आजच्या रात्री एकच भाग लावा: १९४२ चा 'अ स्टार इज बॉर्न', जाहिरातींसकट, दिवा मालवून. दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा. 'कासाब्लांका'ची जोडी पुढच्या आठवड्यात. तुमचे रकाने भरून झाले की मला दाखवा, मी माझे काढून ठेवतो.